कैफियतीचे १२० दिवस

प्रश्न : इंदूरला बायपासजवळ आमचं मॅरेज गार्डन आहे. लग्नं असतात आणि ३१ डिसेंबरला तिकीट लावून डीजे पार्टी करतो. एका म्युझिक कंपनीची नोटीस ई-मेलवर आली होती, फसवाफसवी असेल म्हणून सोडून दिली. मग मुंबईच्या कोर्टाचं समन्स आलं, त्यावर ‘कमर्शियल सूट’ असं लिहिलंय. त्यालाही तीन महिने होऊन गेले. लग्नातल्या गाण्यांना लायसन्स लागत नाही ना? शिवाय डीजे बाहेरचा होता.

उत्तर : लग्नातल्या गाण्यांना लायसन्समधून सूट आहे का, ते नंतर बघू. समन्सवर सही कोणत्या तारखेला केली, ते तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि सगळं तिथेच अडलंय.

कमर्शियल दाव्यात (समन्सवरचा ‘कमर्शियल सूट’ तो हाच) लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं उत्तर, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते. ते दिवस तुम्ही घालवलेत. उशिराची कारणं लेखी नोंदवून आणि खर्च भरायला लावून कोर्ट १२० व्या दिवसापर्यंत परवानगी देऊ शकतं. देईलच असं नाही. १२१ व्या दिवशी मात्र हक्कच संपतो. एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे स्पष्ट केलं. ‘पुढच्या तारखेला देऊ’ ही आपल्याकडची दिवाणी कोर्टातली जुनी सवय इथे चालत नाही. ‘हा दावा चालवायचा मुंबईच्या कोर्टाला अधिकारच नाही, आधी तसा अर्ज टाकू’ असं कुणी सुचवलं तर अर्ज जरूर टाका, पण त्याने दिवस थांबत नाहीत. निकालाला कोर्ट किती वर्षं घेईल याला धरबंध नाही. १२० दिवसांची मर्यादा फक्त तुम्हाला.

म्हणून लिफाफा शोधा, तारीख पाहा आणि याच आठवड्यात मुंबईतला वकील गाठा. कैफियतीत नुसतं ‘सर्व आरोप अमान्य’ लिहून भागत नाही. मुद्देसूद नाकारलं नाही, तर ते मान्य धरलं जातं. सोबत सत्यतेचं प्रतिज्ञापत्रही लागतं.

आता लायसन्समधून सूट कशाला, ते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए)मध्ये धार्मिक विधी येतो, आणि स्पष्टीकरणात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक सोहळेही. संगीत, मेहंदी त्यात बसावी असं माझं मत आहे. पण हॉलमधली प्रत्येक पार्टी लग्नाची ठरत नाही. तेव्हा बुकिंगचं रजिस्टर काढा आणि कोणत्या तारखेला काय होतं ते मांडा. ३१ डिसेंबरला या कलमाचा काडीचा उपयोग नाही.

डीजे बाहेरचा, ही सबब अर्धवट आहे. नफ्यासाठी जागा वापरू देणाराही कलम ५१ खाली जबाबदार असतो. आपल्याला माहीत नव्हतं आणि संशयाला कारणही नव्हतं, असं दाखवता आलं तरच सुटका. तुम्ही सोडून दिलेली नोटीस नेमकी इथे बाधते. ती पार्टीच्या आधी आली असेल, तर हा बचाव जवळपास गेलाच.

कंपनीच्या हक्काबद्दल मात्र विचारायला जागा आहे. हक्क दुसऱ्याकडून घेतले असतील तर लेखी करार लागतो. तो आणि गाण्यांची यादी मागा. नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी (गाण्यांच्या मालकांच्या वतीने लायसन्स देणारी संस्था) नसताना कंपनी लायसन्स देऊ शकते का, यावर न्यायालयांत मतभेद आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने कौल दिला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. दावा मुंबईत असल्याने यावर फार विसंबू नका, पण मुद्दा कैफियतीत असू द्या.

अंतरिम मनाई, म्हणजे निकालापर्यंत गाणी वाजवू नका असा कोर्टाचा हुकूम, झालीय का, तेही आधी तपासून घ्या. झाली असेल तर येत्या लग्नसराईत डीजे लावण्यापूर्वी वकिलाला विचारा. मनाई मोडली तर मालमत्तेवर जप्ती आणि दिवाणी कैदही होऊ शकते.

तडजोडीला माझी ना नाही. ३१ डिसेंबरपुरती तर तीच स्वस्त पडेल. पण कंपनीचा माणूस फोनवर ‘मिटवून टाकू’ म्हणाला म्हणून कैफियत थांबवू नका. तडजोडीवर सह्या होऊन ती कोर्टात दाखल होईपर्यंत दिवस मोजले जातच असतात.