खोटी वर्दी दिली, पुढे काय?

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाने मित्रांच्या नादी लागून, शेजारच्या सोसायटीत आग लागल्याची खोटी वर्दी माझ्या मोबाइलवरून अग्निशमन दलाला दिली. बंब येऊन परत गेला. आता पोलीस चौकीतून बोलावणे आले आहे. त्याच्यावर गुन्हा दाखल होईल का?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : आपली काळजी समजते, परंतु त्या एका फोनने काय घडले, हे आधी मुलाला नीट सांगावे. वर्दी मिळताच जवळच्या केंद्रातून पाण्याने भरलेली गाडी सायरन वाजवीत निघते, चालक गर्दीतून वाट काढतो, सोसायटीच्या फाटकात आडव्या लावलेल्या मोटारी हलवाव्या लागतात, जवान उतरून धूर शोधू लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी त्या भागात कोणाच्या स्वयंपाकघरात सिलिंडर पेटला, तर त्या घराला दूरच्या केंद्रातल्या बंबाची वाट पाहावी लागते. होरपळणाऱ्या माणसाची ती मिनिटे कोणीही भरून देऊ शकत नाही. बॉम्बच्या अफवेचे गांभीर्य तर याहून मोठे आहे. २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रस्त्यावर स्फोट झालेल्या या शहरात निनावी फोनही पोलिसांना खरा मानूनच चालावे लागते.

आता कायदा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ नुसार, जाणूनबुजून खोटी माहिती देऊन लोकसेवकाला नाहक कामाला लावणाऱ्यास १ वर्षापर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अफवेने घबराट पसरवल्यास कलम ३५३ खाली कारावास ३ वर्षांपर्यंत जातो. आपला मुलगा अल्पवयीन असल्याने त्याला मात्र २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. अशा किरकोळ अपराधात सहसा एफआयआर न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह माहिती बाल न्याय मंडळाकडे जाते. मंडळ समज देऊन सोडू शकते, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला लावू शकते, पालकांना दंडही करू शकते. आपण स्वतः त्याच्याबरोबर जावे आणि घडले ते त्याला जसेच्या तसे सांगू द्यावे. ‘मोबाइल हरवला होता’ असे सांगण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये.

धाकापायी त्याच्या मनात फोनचीच भीती बसू नये, हेही पाहावे. धूर पाहून प्रामाणिकपणे कळवले आणि आग निघाली नाही, तर तो अपराध ठरत नाही. माहिती खोटी असल्याची जाणीव देणाऱ्याला असावी लागते. चुकून ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक लागला, तर घाबरून फोन कापू नये. ‘चुकून लागला, मदत नको’ असे स्पष्ट सांगावे, म्हणजे पलीकडच्या कर्मचाऱ्याला उलट फोन करून खात्री करीत बसावे लागत नाही.