दाखला दाखवून भागत नाही

प्रश्न आलाय सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून. तिथले संगणक सांभाळणारा तरुण, सर्व्हर दुरून कसा चालवायचा याची मराठी पुस्तिका लिहितोय. विचारतो, "सर, मॅनेजमेंटच्या नेटवर्क लिंकला काय म्हणू? लॉगिनसाठी सर्टिफिकेट बसवतो ते प्रमाणपत्र की दाखला? आणि सेल्फ-साइन्डला स्वयंसाक्षांकित चालेल ना?"

सर्टिफिकेट म्हणजे इथं 'मी कोण' ते सांगणारी, सही ठोकलेली संगणकातली फाइल. शेवटचं आधी. नाही चालणार. हा शब्द हल्ली जिथं तिथं ऐकतो आणि दातओठ खातो. साक्षांकित म्हणजे दुसऱ्या कुणी दिलेल्या कागदाची झेरॉक्स मुळाबरहुकूम आहे अशी ग्वाही. स्वयंसाक्षांकित प्रतीवर सही तुमची, पण मूळ कागद तहसीलदारांचाच असतो. सेल्फ-साइन्डमध्ये वर तहसीलदार नसतातच. सर्व्हरनं स्वतःच लिहिलं, खाली स्वतःच सही ठोकली, 'मी तो मीच.' म्हणून तर ब्राउझर अडवतो. त्याला सरळ 'घरचं सर्टिफिकेट' म्हणा.

आता दाखला. एका भाषाशिबिरात वक्ते छातीठोकपणे सांगून गेले, "दाखवायचा तो दाखला." टाळ्याही पडल्या. साफ चूक! दाखवणे आलं प्राकृत 'दक्खवइ'वरून, पाहण्याच्या घराण्यातलं. दाखला अरबी, धातू द-ख-ल, म्हणजे आत शिरणे. दाखल होणे, दखल घेणे, बेदखल, पोलिसांचा दखलपात्र गुन्हा, सगळी एकाच आईची लेकरं.

पुरावा पुस्तकात कशाला, सोलापुरात रस्त्यावर मिळतो. कानडी शेजारी दवाखान्यात भरती झालेल्याला 'दाखलु' म्हणतो, कागदपत्राला 'दाखले'. पूर्व भागातला तेलुगू विणकर निवडणुकीचा अर्ज 'दाखलु' करतो. यांच्याकडे दाखवणे म्हणजे तोरिसु आणि चूपिंचु. दाखवण्याशी या शब्दाचं काही नातं असतं तर त्यांच्या घरात तो 'शिरणे' घेऊन कसा बसला असता? मराठीत आधी वहीत नाव दाखल झालं, मग त्या नोंदीचा उतारा तो दाखला झाला. शाळा सोडल्याचा दाखला बघा. कागद सोडल्याचा, नाव शिरण्याचं! आणि बरोबरच आहे, त्याच्याशिवाय पुढची शाळा आत घेते कुठं?

लॉगिन म्हणजे आत शिरणंच. तेव्हा लॉगिन सर्टिफिकेट म्हणजे दाखला, दुसरा शब्द शोधायला जाऊच नका. वक्त्यांना तर सर्व्हरच खोटं पाडतो. तो सही कुणाची ते बघतो, मुदत बघतो, पण तेवढ्यावर आत सोडत नाही. सर्टिफिकेट काही गुपित नसतं, कुणीही पुढं करेल. त्याच्या जोडीची खासगी किल्ली, म्हणजे कुणाला न द्यायची गुप्त फाइल, तुमच्याचकडे आहे हे सिद्ध झालं तरच दार उघडतं. नुसता दाखवून शिरता आलं असतं तर मग झालंच की ओ!

प्रमाणपत्र? चुकीचं नाही, पण बेचव. तालीम मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळतं ते प्रमाणपत्र.

एक सवलत देतो. सर्व्हर स्वतः पुढं करतो त्या सर्टिफिकेटला दाखला म्हणू नका, कारण त्याला कुठं शिरायचं नसतं, तो आतच बसलाय. तिथं सनद म्हणा. सनद म्हणजे अरबीत टेकू, ज्यावर रेलायचं ते. सर्व्हरचं सर्टिफिकेट ते देणाऱ्या मधल्या संस्थेच्या सहीवर रेलतं, मधली संस्था मूळ संस्थेच्या सहीवर, आणि त्या मूळ संस्थेची ओळख ब्राउझरला आधीपासून असते. यातला एक टेकू निसटला की वरचं सगळं कोसळतं. वकिलाची सनद, इनामाची सनद, तशीच ही. 'डिजिटल प्रमाणपत्र शृंखला' असं लिहिणाऱ्यांना हा शब्द सुचला नाही, कारण त्यांना तो मुसलमानी वाटला असणार. शृंखला तर बेडीलाही म्हणतात, ते चालतं!

हां, लिंक राहिलीच. 'दुवा' लिहू नका, विजापूर वेशीत दुवा म्हणजे आशीर्वाद. सर्व्हरच्या पाठीमागं दुरून सांभाळण्याच्या कामाचं बहुधा वेगळं पोर्ट, म्हणजे केबल खोचायची खाच, असतं, काहींवर पान्याचं चिन्हही असतं, आणि सर्व्हर बंद असला तरी प्लगला वीज असेपर्यंत ते जागं असतं. त्याला पोर्ट म्हणा, वायरला केबल म्हणा. ती केबल कारखान्याच्या बाकीच्या जाळ्यात खोचू नये म्हणतात, पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.