परदेशी माणसाला जपानमधली कंपनी खरंच चालवता येते का?

तुम्ही विचारलंय: जर्मनीतल्या तुमच्या कंपनीने तीन वर्षांसाठी टोकियोच्या शाखेचं प्रमुखपद देऊ केलं आहे, जपानी येत नाही, तर परदेशी प्रमुखाच्या हातात तिथे काही असतं, की सगळं स्थानिक मंडळीच चालवतात?

हातात बरंच काही असतं, पण ते खुर्चीबरोबर आपोआप मिळत नाही. मी पुण्यात जपानी शिकले आणि आता टोकियोत एका परदेशी कंपनीच्या शाखेत अध्यक्षांची दुभाषी म्हणून काम करते. परदेशी साहेब येतात, काही रुळतात, काही कंटाळून परत जातात, हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहत आले आहे. माझं ठाम मत असं की तिथली कारकीर्द मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते. भाषा, वाकून नमस्कार, चॉपस्टिक्स हे सगळं नंतर.

मायकेल वुडफर्ड यांचंच पाहा. कॅमेरे आणि वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या ऑलिंपस कंपनीच्या ब्रिटनमधल्या धंद्यात हा माणूस तीस वर्षं घडला आणि एप्रिल 2011 मध्ये थेट मूळ जपानी कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याच उन्हाळ्यात 'फाक्ता' नावाच्या जपानी मासिकाने ऑलिंपसच्या संशयास्पद कंपनी-खरेदीवर लेख छापला. अध्यक्षांना तो कळला एका मित्राने अनुवाद करून दिला म्हणून. मुख्यालयात गेले तर कुणी अवाक्षर काढेना. शेवटी त्यांनीच विषय काढला, तेव्हा त्यांना जेवायला बोलावलं गेलं. वुडफर्ड यांनी नंतर सांगितलंय की टेबलावर चेअरमन किकुकावांसमोर उत्तम सुशी होती आणि आपल्यासमोर ट्यूना सँडविच. या एका तपशिलात सगळं आलं. पद होतं, पण पंक्तीत जागा नव्हती.

त्यांनी पत्रं लिहून हिशेब मागितले. जायरस ही ब्रिटिश कंपनी घेताना सल्लागारांना 68.7 कोटी डॉलर दिले होते, म्हणजे खरेदीच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. एरवी अशा व्यवहारात एखाद-दोन टक्के देतात. जुन्या गुंतवणुकीतला तोटा वर्षानुवर्षं लपवला होता, तो असा जिरवला जात होता. 14 ऑक्टोबर 2011 ला संचालक मंडळाने एकमताने हात वर करून त्यांना काढलं. त्यांना बोलूही दिलं नाही, आणि विमानतळावर बसने जा म्हणून सांगितलं. पुढे किकुकावांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. वुडफर्ड खरे ठरले, पण मोठ्या जपानी भागधारकांनी पाठिंबा दिला नाही, त्यामुळे खुर्ची काही परत मिळाली नाही. त्यांच्या धैर्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

उलट उदाहरण कार्लोस गोन यांचं, निदान सुरुवातीचं. 1999 मध्ये फ्रान्सच्या रेनो या मोटार कंपनीने जपानच्या निस्सानमध्ये पैसा घातला आणि रेनोतून गोन तिथे आले. निस्सान कर्जात बुडालेली. बाहेरून सल्लागार आणून अहवाल लिहून घेण्याऐवजी त्यांनी मधल्या फळीतल्या व्यवस्थापकांचे 9 गट केले. खरेदी, उत्पादन, विक्री, संशोधन अशा वेगवेगळ्या खात्यांतली माणसं एका गटात बसवली आणि उपाय त्यांच्याकडूनच काढून घेतले. ऑक्टोबर 1999 च्या योजनेत 5 कारखाने बंद आणि 21,000 नोकऱ्या कमी, इतकं कठोर औषध होतं. तरी ते पचलं, कारण काय सडलंय हे आतल्याच माणसांनी सांगितलं होतं. वर्षभरात कंपनी नफ्यात आली. मात्र 19 नोव्हेंबर 2018 ला त्यांना अटक झाली, तेव्हा कळलं की निस्सानमध्येच त्यांच्याविरुद्ध कित्येक महिने गुपचूप चौकशी चालू होती. आरोप त्यांनी नाकारले, पुढे ते लेबनॉनला पळून गेले, तो वाद वेगळा. आपल्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं हे की ऐकण्याच्या जोरावर उभा राहिलेला हा माणूस शेवटी आपल्याच घरातली हालचाल ऐकू शकला नाही.

तुमच्या परिस्थितीला सर्वांत जवळचं उदाहरण सारा कासानोव्हा यांचं वाटतं. या कॅनडाच्या बाई 2013 मध्ये मॅकडोनाल्ड्स जपानच्या प्रमुख झाल्या. पुढच्याच वर्षी शांघायच्या पुरवठादाराकडच्या मुदत संपलेल्या चिकनचं प्रकरण आलं, मग खाण्यात परक्या वस्तू सापडल्या. 2015 चा तोटा जवळपास 35 अब्ज येन. त्या जपानच्या 47 प्रांतांत फिरल्या, मुलांच्या आयांना समोर बसवून तक्रारी ऐकल्या. 2017 मध्ये कंपनीने विक्रमी नफा कमावला.

आता रोजचं काम. जपानी कार्यालयात निर्णय बैठकीत होत नाही, तो आधीच झालेला असतो. प्रस्ताव मांडणारा माणूस संबंधित प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन, कधी संध्याकाळी बिअर पिताना, संमती गोळा करतो. मग कागद खालून वर सरकतो, प्रत्येकाचा लाल शिक्का पडत पडत. तुमच्यापुढे येतो तेव्हा तुमच्याच शिक्क्याची चौकट तेवढी रिकामी असते. त्या टप्प्यावर 'नाही' म्हणालात तर खालच्या सगळ्यांची इभ्रत जाते. म्हणून कागद निघण्याआधी विचारायला शिका. आणि भरल्या बैठकीत 'काही अडचण?' असं विचारू नका, उत्तर मिळणार नाही. मी ज्यांच्यासाठी काम केलं त्यातल्या एका साहेबांनी दर आठवड्याला गोदामात आणि दुरुस्ती विभागात एकेकट्या माणसाशी बोलायचा नेम ठेवला होता. आधी नुसती मान हलायची, हळूहळू खरी माहिती येऊ लागली.

इंग्रजी चांगलं बोलणाऱ्यांच्या घोळक्यात अडकणं हा नव्या साहेबांचा सगळ्यात मोठा धोका. ज्याच्या शब्दाला कारखान्यात आणि ग्राहकाकडे वजन आहे, तो पन्नाशीचा विक्री प्रमुख बहुधा इंग्रजीत दोन वाक्यंही धड बोलत नाही. त्याच्यासाठी स्वतःचा, फक्त तुम्हाला बांधील असलेला दुभाषी मागून घ्या.

होकार देण्याआधी जर्मनीत तीन गोष्टी लेखी घ्या. वित्त आणि मनुष्यबळ विभागाचे प्रमुख तुमच्या हाताखाली असतील की परस्पर जर्मनीच्या? परस्पर असेल तर तुमची सही शोभेची. माणसं कमी करायचा दबाव येणार का? जपानमध्ये कायम नोकरीतल्या माणसाला काढणं न्यायालयात टिकवणं फार अवघड आहे, आणि कंपनीच्या नोंदणीत अधिकृत प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव असेल तर जबाबदारी तुमच्यावर येते. तिसरी, मुदत. तीन वर्षांचा साहेब म्हटलं की लोक मान डोलावून दिवस मोजतात. पाच मागा. ते मिळत नसतील तर निदान तुमच्यानंतरचा प्रमुख शाखेतूनच निवडायचा आणि तो तुम्ही घडवायचा, एवढं तरी पदरात पाडून घ्या.