लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉलमध्ये, पहिल्यांदाच मदतीला उभे राहताय?

पिच-काउंटचं (एका मुलाने किती चेंडू टाकले याचं) गणित नंतर शिका. आधी बॅट सांभाळा. बारा वर्षांपर्यंतच्या गटांत पुढचा बॅटरही डगआउटमध्येच (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) थांबतो, बाहेर उभं राहून बॅट फिरवायची नाही. नवे मदतनीस सामन्यात काटेकोर असतात आणि वॉर्म-अपला ढिले पडतात. तिथेच चेंडू तोंडावर बसतो. म्हणून:

- चेंडू फेकायच्या सरावाला मुलांच्या दोन समांतर रांगा समोरासमोर, मधून कुणी चालायचं नाही.
- हेल्मेटला तडा दिसला की ते बाद. टेप लावून भागवू नका.
- पालकांच्या खुर्च्या जाळीला चिकटून नकोत. जाळीत बोटं अडकवणारे आजोबा हमखास असतात, त्यांना गोडीत सांगा.

गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं थांबायचं, आभाळ मोकळं दिसलं तरी.