फिरकीचा तांब्या

“आमचे बाबा दिंडीत अनोळखी माणसाच्या पायांवर डोकं ठेवतात आणि माझ्या बायकोच्या हातचं पाणी पीत नाहीत. देवाधर्माचं करणारी माणसं दुसऱ्याला इतकं कमी का लेखतात?” पुण्यातल्या माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या पस्तिशीच्या एका अभियंत्याने खुर्चीत नीट बसण्यापूर्वीच हा प्रश्न विचारला. हाच प्रश्न मी या कामात अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. कधी तो देव न मानणारा मुलगा विचारतो, कधी दुसऱ्या धर्मातून आलेली सून विचारते, तर कधी उपासतापास सोडून दिलेली मुलगी विचारते. म्हणून या कुटुंबाची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

वडील फलटण भागातले शेतकरी, माळकरी, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला पायी जाणारे. पत्नी वसईच्या सामवेदी ख्रिस्ती कुटुंबातली. म्हणजे घरात मराठीचीच एक बोली बोलणारी, पण रविवारी मिस्साला जाणारी आणि मासळीवर वाढलेली. लग्नाला चार वर्षे झाली होती. त्या चार वर्षांत वडील मुलाच्या घरी मोजून पाच वेळा आले आणि पाचही वेळा गावाहून फिरकीच्या तांब्यात पाणी भरून घेऊन आले. तांब्या रिकामा झाला की ते उठून निघत.

सर्वांत मोठा घाव नातीच्या बारशाच्या दिवशी बसला. सुनेने दोन दिवस स्वयंपाकघर घासूनपुसून काढले होते, आठवडाभर घरात मासळी येऊ दिली नव्हती आणि सासऱ्यांसाठी स्टीलचे नवे ताट, वाटी, पेला आणला होता. ती भांडी अगदी नवी आहेत हे त्यांना दिसावे म्हणून तिने पेल्यावरचे कागदी लेबल मुद्दाम काढले नव्हते. वडिलांनी तो पेला पाहिला, नातीच्या कपाळाला बुक्का लावला, पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून खाल्ला आणि वर तांब्यातले पाणी प्यायले. लेबल लावलेला तो पेला तिने अजून वापरायला काढलेला नाही, असे सांगताना मुलाचा आवाज चढला. “ही सगळी माळकरी मंडळी ढोंगी असतात,” तो म्हणाला. त्याच्या दुःखाबद्दल मला शंका नव्हती. पण एका माणसाच्या वागण्यावरून सगळ्या माळकऱ्यांचा निवाडा त्यानेही एका वाक्यात करून टाकला होता आणि त्या क्षणी त्याच्या ते ध्यानात येणे शक्य नव्हते.

आपला तो चांगला आणि परका तो कमी, असे वाटण्यासाठी माणसाला धर्मच लागतो असे नाही. हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास ब्रिस्टॉलमधल्या १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांचे अगदी क्षुल्लक कारणावरून, चित्रांच्या आवडीनिवडीचे निमित्त करून, गट पाडले. मुलांना आपल्या गटात कोण आहे हेही ठाऊक नव्हते; तरी पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्या गटाहून जास्त मिळाले पाहिजे, असाही कल त्यांच्यात दिसला. जिथे एका चित्राच्या आवडीवरून हे होते, तिथे जन्म, अन्न, लग्न आणि मरण या सगळ्यांना व्यापणाऱ्या श्रद्धेवरून ते किती खोलवर होत असेल, याचा विचार करावा.

अन्नाची गोष्ट याहून निराळी आणि अधिक अवघड आहे, कारण तिथे किळस येते. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांसमोर फळाच्या रसात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ बुडवून काढले. त्यात कसलाही धोका नाही हे पटूनही बहुतेकांना तो रस नकोसा झाला. एकदा स्पर्श झाला की तो राहतोच, असे मन मानते आणि बुद्धीने दिलेला निर्वाळा तिथे चालत नाही. जन्मभर मांसाहार वर्ज्य केलेल्या माणसाला मासळीच्या भांड्याबद्दल जे वाटते त्याला केवळ ढोंग म्हणणे म्हणूनच मला योग्य वाटत नाही. खरा धोका पुढे असतो. भांड्याबद्दलची किळस भांडे हाताळणाऱ्या माणसाला कधी चिकटते, हे त्या माणसालाही कळत नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात पाणी ही कधीच साधी गोष्ट नव्हती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांना ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तो याच चिकटलेल्या किळसेविरुद्ध होता.

मुलाला मी एवढेच विचारले, “वडिलांनी माळ कधी घातली आणि का घातली?” तो चार वर्षांचा असताना घातली, एवढे त्याला माहीत होते; का घातली, ते त्याने कधी विचारलेच नव्हते.

वडील माझ्याकडे आले ते आषाढीच्या वारीत, दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना. भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या मंदिराजवळच्या आपल्या दिंडीतून ते चालत आले होते. कपाळावर गंध आणि बुक्का होता, पायांना धूळ होती. सवयीप्रमाणे मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्यांनी हात जोडले आणि पिशवीतून आपला तांब्या काढला. माझी जात, माझा धर्म, माझा आहार, यांतले काहीच त्यांनी विचारले नव्हते. तरीही क्षणभर मला अपमान वाटला. सुनेने चार वर्षे काय सोसले असेल, हे मला त्या क्षणाने जितके कळले तितके मुलाच्या तासाभराच्या बोलण्यातून कळले नव्हते.

“ताई, पोरगं म्हणतंय मी सुनेला हलकी समजतो,” ते म्हणाले. “पोरगी गुणाची आहे. मला काय दिसत नाही का? पण मला त्या घरात भ्या वाटतं.”

कशाची भीती, हे सांगायला त्यांना बराच वेळ लागला. तरुणपणी ते दारू पीत. नुसती पीत नव्हते, तर दोन एकर जमीन आणि पत्नीचे डोरले त्यात गेले होते. गावातल्या एका वृद्ध वारकऱ्याने त्यांना आळंदीला नेले, महाराजांच्या हातून गळ्यात माळ घातली आणि त्या दिवसापासून त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. मुलाचे लग्न झाले तेव्हा दारू सुटून सत्तावीस वर्षे झाली होती. बिशपांची रीतसर परवानगी घेऊन वसईच्या चर्चमध्ये लग्न लागले आणि संध्याकाळच्या मेजवानीत रिवाजाप्रमाणे वाइनचे पेले उंचावले गेले. त्याच वेळी वडील मांडवातून उठून गेले. मुलाने आणि वसईच्या मंडळींनी हा आपल्या धर्माचा अपमान मानला होता.

“सगळ्यांस्नी वाटलं, मला किळस आली,” ते म्हणाले. “ताई, त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं हुतं. सत्तावीस वर्सांनी. मी तिथनं पळालो.”

हे वाक्य मी माझ्या नोंदवहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे. ज्यांची श्रद्धा हीच त्यांना वाचवणारी जागा असते, अशी पुष्कळ माणसे मला या कामात भेटली. व्यसनातून, अकाली वैधव्यातून किंवा मूल गेल्याच्या दुःखातून ज्या नियमांनी त्यांना बाहेर काढले, त्या नियमांतला एक जरी ढिला झाला तरी सगळेच कोसळेल, असे त्यांना वाटते. समोरचा माणूस ते नियम न पाळताही सुखाने जगताना दिसला की त्याचे ते सुख त्यांना आव्हान वाटते. मग त्याला चुकीचे ठरवल्याखेरीज मनाला थारा मिळत नाही. धर्म साधन म्हणून वापरणारे आणि धर्म मनापासून जगणारे, असा भेद मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी केला होता आणि १९६७ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वग्रह पहिल्या प्रकारच्या लोकांत अधिक असल्याचे मांडले होते. हा भेद उपयोगी आहे, पण या गृहस्थांपुढे तो मला अपुरा वाटला. ते धर्म मनापासूनच जगत होते आणि म्हणूनच घाबरलेले होते.

तरीही भीती समजली म्हणून घाव भरत नाही, आणि हे त्यांना सांगणे माझे काम होते. “तुमच्या मनात काय चाललंय हे सूनबाईंना कसं कळणार? त्यांना फक्त न उचललेला पेला दिसतो,” मी म्हणाले. ते लगेच म्हणाले, “मग काय माळ उतरवू?” माळ उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीत ‘असे असावे’ ही इच्छा आणि ‘असेच असले पाहिजे’ हा हट्ट वेगळा काढायला शिकवतात. (खुद्द एलिस सुरुवातीला कडव्या धार्मिकतेलाच भावनिक बिघाड मानत असत आणि उतारवयात त्यांनी ते मत पुष्कळ सौम्य केले; देव न मानणाऱ्यांचे निवाडेही असेच घाईचे असू शकतात.) पण ती परिभाषा इथे उपयोगाची नव्हती. मी त्यांना एवढेच विचारले की, माळ घालताना महाराजांनी कोणकोणते नियम सांगितले होते?

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. मद्य नाही, मांस नाही, परस्त्री मातेसमान, एकादशी, हरिपाठ, वर्षाची वारी. अंगठा दोनदा फिरला आणि थांबला. “पाण्याचं त्यात कायच नव्हतं,” ते स्वतःच म्हणाले. मग पाण्याचा नियम आला कुठून, असे मी विचारले नाही. ते आपणहून बोलू लागले. ही रीत त्यांच्या वडिलांची होती. लहानपणी त्यांच्या वाड्याच्या पायरीखाली उभ्या राहिलेल्या गावकुसाबाहेरच्या माणसाच्या ओंजळीत वरून पाणी ओतलेले त्यांनी पाहिले होते, एकदोनदा स्वतःही ओतले होते. माळेने दिलेले नियम आणि जातीने दिलेली ही रीत यांची गाठ त्यांच्या मनात कधी पडली, हे त्यांना सांगता येईना. पंढरीला महाद्वारी चोखोबांच्या समाधीपुढे आपण दरवर्षी आधी माथा टेकतो, मग नामदेव पायरीला हात लावून आत जातो, एवढे बोलून ते गप्प झाले. पंढरीचे ते विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले होते. प्रवेश नाकारणारे धर्मनिष्ठ होते आणि त्यासाठी उपाशी राहिलेला माणूसही भक्तच होता.

पुढच्या भेटीला मुलगा आणि सून एकत्र आले. वडिलांच्या संमतीने मी मांडवातली गोष्ट सांगितली. मुलगा रडला. सुनेने मात्र वेगळीच आठवण काढली. त्याच बारशाला तिच्या आईने सत्यनारायणाचा प्रसाद हातात घेतला, पण तोंडात घातला नाही. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवला. मूर्तीपुढे ठेवलेले अन्न खाल्ले तर आपले पाप होईल आणि नातीचा बाप्तिस्मा राहून जाईल, ही दोन्ही भये त्या बाईंना होती. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे जाहीर केले खरे. पण परिषदेचा ठराव वसईतल्या आजीच्या घशाखाली प्रसाद उतरवू शकत नाही. “आईला कुणी ढोंगी म्हटलं नाही, कारण तिचा रुमाल कुणाला दिसला नाही,” सून म्हणाली. बारशाच्या दिवशी ते चौघेही एकाच खोलीत बसले होते आणि मुलाने चार वर्षे फक्त तांब्याच पाहिला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्याला कमी लेखणाऱ्या प्रत्येक धार्मिक माणसाच्या मागे अशी दुखरी कहाणी नसते. कित्येकदा तिथे निव्वळ जातीचा ताठा असतो, संपत्तीचा हिशेब असतो किंवा सुनेला धाकात ठेवण्याची सोय असते. जिथे जातपंचायत कुटुंबाला वाळीत टाकते, तिथे समजुतीच्या गोष्टी करून सोसायला सांगणे हा अन्याय आहे. त्यासाठी महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे आणि अशा घरांना मी आधी त्याचीच माहिती देते.

या घरात सगळे मिटले असे नाही. वडील आजही मुलाकडे शिजवलेले अन्न घेत नाहीत आणि सुनेनेही तो आग्रह सोडला आहे. घरात वाइनची बाटली असेल तर ती सासरे यायच्या आधी शेजाऱ्यांकडे जाते; हे तिने स्वतःहून ठरवले. बाप्तिस्म्याचा प्रश्न अजून तसाच आहे आणि त्यावर आम्ही बोलत आहोत. कार्तिकी एकादशीनंतर वडील नातीला भेटायला आले, तेव्हा सुनेने त्यांच्यापुढे वसईची सुकेळी ठेवली. केळी वाळवलेली असतात, शिजवलेली नसतात, हे तिने सांगितले. त्यांनी एक खाल्ले आणि तिच्या वडिलांची वाडी केवढी आहे, तिला पाणी कुठले आहे, असे शेतकऱ्याचे दोन-चार प्रश्न विचारले. निघण्याच्या वेळी तांब्या रिकामा झाला होता. त्यांनी फिरकी काढली, तांब्या सुनेच्या हातात दिला आणि म्हणाले, “एसटीत लागंल, भरून दे.”