ताई, आता काय झालं?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, जन्मापासून अजिबात दिसत नाही. मोठी मुलगी नऊ वर्षांची. ती संध्याकाळी कार्टून लावते तेव्हा तोही शेजारी येऊन बसतो. उंदीर-मांजराच्या कार्टूनमध्ये बोलणं जवळजवळ नसतंच, नुसतं संगीत आणि आदळआपट. तो सारखा विचारतो, "ताई, आता काय झालं?" ती वैतागते. घरातले म्हणतात, दिसत नाही तर टीव्ही कशाला, गोष्टी ऐकव. मला ते पटत नाही. काय करू?
– एक आई, सांगली

उत्तर : तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. गोष्टी त्याने खुशाल ऐकाव्यात, पण ताई हसते त्याच क्षणी आपणही हसावं ही त्याची ओढ गोष्टींनी कशी भागेल? मी 22 वर्षं अंध मुलांना शिकवलं. वर्ग हसून झाल्यावर, कुणीतरी कानात सांगितल्यावर, एकटं हसणारं मूल मी पाहिलंय. ते बघवत नाही.

आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं धावतं समालोचन ऐकत आमची पिढी वाढली. मैदान न दिसताही चेंडू कुठे गेला ते आम्हाला कळायचं. मुलीला तेच शिकवा. फक्त वेळ साधायची. मांजर तव्यावर आपटल्यावर "ते तव्यावर आपटलं" असं सांगून उपयोग नाही. आधीच सांगायचं, "उंदराने दारात तवा धरलाय, मांजर पळत येतंय," आणि गप्प बसायचं. पुढचा 'ठण्ण' त्याचा त्याला ऐकू दे. पात्रं बोलत असतील तेव्हा मध्ये बोलायचं नाही. "मांजर चिडलं" यापेक्षा "मांजराच्या मिशा थरथरतायत" हे बरं. चिडलं की घाबरलं ते तो ठरवेल.

एक अडचण मात्र शब्दांनी सुटत नाही. कार्टूनमध्ये मांजर रोलरखाली चपटं होतं आणि पुन्हा फुगतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला हे किती सांगितलं तरी उमगेना. शेवटी तिच्या हातात कणकेचा गोळा दिला, त्याला शेपूट काढली, कान काढले. मग तिनेच पोळपाटावर ठेवून लाटणं फिरवलं. कडेला आलेला कान बोटांनी चाचपला, सगळं गोळा करून पुन्हा मांजर केलं आणि म्हणाली, "आणि त्याला लागत नाही?" त्यानंतर तिने सात वेळा मांजर लाटलं. खेळण्यांचं मात्र जपून. खेळण्यातला उंदीर आणि मांजर एकाच मापाचे असतात, मग पाठलागातली गंमत कळत नाही. उंदीर मुठीत मावेल एवढा आणि मांजर कुशीत घेण्याएवढं असू द्या.

हेच काम व्यावसायिक पद्धतीने होतं त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. संवादांच्या मधल्या जागेत निवेदक दृश्य सांगतो. काही ओटीटींवर ऑडिओच्या भाषांच्या यादीतच तो पर्याय असतो. नेटफ्लिक्सने ही सोय 2015 मध्ये सुरू केली. प्रत्येक कार्यक्रमाला ती असतेच असं नाही, म्हणून आधी यादी उघडून बघा. मोबाइलमधला टॉकबॅक वेगळा; तो बटणं आणि मजकूर वाचून दाखवतो, कार्टूनमध्ये काय चाललंय ते सांगत नाही.

मुलांच्या वाहिनीलाही पत्र लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा विनवणीचा सूर नको, कलमाचा आकडा घाला आणि मुलगा कोणतं कार्टून रोज ऐकतो तेही लिहा.

आणि मुलीचं वैतागणं समजून घ्या. नऊ वर्षांचीच आहे ती. एक भाग तिने सांगावा, पुढचा तुम्ही किंवा त्याच्या बाबांनी. आणि रोज एखादा भाग तिला एकटीला, गप्प बसून बघू द्या.