पासपोर्ट कुणाच्या कपाटात?

शहापूर, बेळगाव

चि. लेखिकाबाई,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पाठवलेली प्रकरणं वाचली. वाळवंट झकास उतरलंय. ते वाळूचं वादळ खानापूरच्या पावसात वाढलेल्या मुलीनं लिहिलंय, हे कुणाला खरं वाटायचं नाही. माझं भांडण आहे ते तुझ्या युवराजाशी, आणि त्याहून जास्त त्याच्या महालात अडकलेल्या तुझ्या नर्सशी.

घरचे ‘हे कसलं लिहितेस’ म्हणतात, असं तू कळवलंस. म्हणू देत की. अरेरावी करणारा नायक वाचायला आवडतो, यात लाजायचं काय? वाचणारीला नको वाटलं तर ती पुस्तक मिटून भाकऱ्या थापायला उठते. पुस्तकातल्या बाईला मात्र तू उठायची सोयच ठेवलेली नाहीस.

या असल्या कादंबऱ्यांची मूळ आजी म्हणजे ई. एम. हल या इंग्रज बाईंची ‘द शेख’, 1919 ची. डायना मेयो अल्जीरियाच्या वाळवंटात हौसेनं हिंडायला निघते, अहमद बेन हसन तिला पळवतो, तिच्यावर जबरदस्ती करतो, आणि पुढे तिचं त्याच्यावरच प्रेम बसतं. शेवट बघ. त्याला उपरती होते, तो तिला परत धाडायचं ठरवतो, तर ती पिस्तूल स्वतःवरच रोखते. तो झडप घालून वाचवतो आणि ती राहते. पण ‘मला राहायचंय’ एवढं सांगायला तिच्याकडे मरणाशिवाय काही उरलेलंच नाही, इतकं तिला आधीच्या पानांनी मोडून टाकलंय. त्यात हा शेख जन्मानं अरब नसून इंग्रज उमरावाचा मुलगा निघतो. म्हणजे दांडगाई अरबाच्या नावावर आणि संसार इंग्रजाशी! तुझा युवराज ‘हुकूम आमच्या रक्तातच आहे’ म्हणतो, ते वाक्य खोड. तो असा का झाला ते त्याच्या बापात, गादीच्या भांडणात शोध. अख्ख्या मुलखाच्या माथी मारू नकोस.

आता आपल्याकडे ये. नाथांचं ‘रुक्मिणी स्वयंवर’ 1571 चं. लग्न जमावं म्हणून मुलींना वाचायला बसवतात, ती पोथी. त्यातही रुक्मिणीहरणच आहे की! रथ, फौजा, मागं धावणारा भाऊ, सगळा मसाला आहे. पण पत्र कुणी धाडलं? रुक्मिणीनं. शिशुपाल मला नको, लग्नाआधी मी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर येणार, तेव्हा ने, असं तिनंच कळवलेलं. पुढं कृष्ण तिच्या भावाला, रुक्मीला, मारायला निघतो, तर तिच्या शब्दाखातर हात आवरतो, नुसती डोई-मिशी भादरून त्याला सोडतो. जोर त्याचा, बेत तिचा. तुला दांडगा नायकच हवा ना? असा ठेव.

आणि पंढरपूरची कथा तर तुझ्या आज्जीला पाठ असेल. रुक्मिणी रुसली ती द्वारका सोडून थेट दिंडीरवनात आली, आणि द्वारकेचा राजा तिला हुडकत मागनं आला. तुझी नर्सही रुसते, पण महालातल्याच दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. जाणार कुठं बिचारी? पासपोर्ट युवराजाच्या कपाटात.

आखातात कामाला गेलेल्या कुणाच्या घरी जाऊन विचार, मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला की काय होतं. त्याला कुणी प्रेम म्हणत नाही. सौदीत तर तिथल्याच बायकांना पासपोर्टसाठी घरातल्या पुरुषाची परवानगी लागायची; ऑगस्ट 2019 मध्ये नियम बदलला, आणि 21 वर्षांवरच्या बाईला स्वतःचा पासपोर्ट स्वतः काढता येऊ लागला. तुझा देश तर कल्पनेतला, कायदे तूच करणार. मग तो कागद तिच्या पर्समध्ये ठेवायला कुणाची आडकाठी?

‘मग मजा काय राहिली?’ असं विचारशील. मला विचारशील तर खरी मजा तिथूनच सुरू होते. दार बंद असलं की ती राहणार हे वाचणारीला आधीच ठाऊक असतं, मग ती पानं चाळत सुटते. विमानतळावर तो तिला अडवतो आणि ती ‘डोळे मिटून विरघळते’, तो प्रसंग काढ. तिला विमानात बसू दे. खानापुरात येऊ दे, दवाखान्यात रात्रपाळी करू दे, पगार घेऊ दे, आईनं आणलेलं स्थळ बघू दे. तिकडं हुकूम सोडायची सवय असलेला माणूस फोनची वाट बघत बसलाय, हे दोन पानं तरी लिही. तुझ्या हातून ते छान उतरेल. मग तो आला, त्यानं विचारलं, तर लगेच ‘हो’ नको ग. ‘विचार करून सांगते’ म्हणू दे. तो काय करतो ते बघू. तिथं चिडला, तर स्थळ बरं होतं असं मी तरी म्हणेन.

नवीन प्रकरण मोबाईलवर धाडू नकोस, डोळे दुखतात. छापून पाठव, अक्षर मोठं ठेव, आणि समासात जागा सोड; मला लिहायला लागते.

तुझी,
बाई